नवी खिडकी टाकली तरी जुनीच का दिसते?

प्रश्न मेहकर तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. आयटीआयमधून सिव्हिल ड्राफ्ट्समन झालाय, एका इंजिनिअरकडे ऑटोकॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या प्रोग्रामवर, बसतो. थोडक्यात तो म्हणतो: "सरांकडे दहा-बारा वर्षांची ड्रॉइंग पडली आहेत. शाळाखोल्या, अंगणवाड्या, ग्रामपंचायतीच्या इमारती, खाजगी घरं. दरवेळी जुन्या ड्रॉइंगमधून दरवाजे-खिडक्यांचे ब्लॉक कॉपी करून आणतो. कधी ब्लॉक डोंगराएवढा येतो, कधी नवा टाकला तरी जुनाच दिसतो, आणि आता साध्या दोन खोल्यांची फाइल चाळीस एमबीची झाली. ब्लॉक सांभाळायची नीट पद्धत काय?"

भाऊ, तीन तक्रारी आहेत. मी मधलीपासून सुरू करतो, कारण तिनं मला जेवढं रडवलं तेवढं बाकी दोघींनी मिळून रडवलं नाही.

ब्लॉक म्हणजे एकदा काढून नाव देऊन ठेवलेलं चित्र, जे पाहिजे तिथे पुन्हा पुन्हा टाकता येतं. ऑटोकॅड ब्लॉक ओळखतं ते फक्त नावानं. आत काय काढलंय, कोणी काढलंय, कधी काढलंय, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आपल्या गावात एकाच नावाचे दोघं असले तर आपण वरच्या वेटाळातला आणि खालच्या वेटाळातला असं म्हणून भागवतो. ऑटोकॅडपाशी वेटाळ नाही. तुमच्या ड्रॉइंगमध्ये 'डब्ल्यू१' नावाचा ब्लॉक आधीच असेल आणि तुम्ही दुसऱ्या ड्रॉइंगमधला 'डब्ल्यू१' कॉपी-पेस्ट केला, तर नवा आत येतच नाही. जागा तुम्ही दाखवली तीच, पण चित्र जुन्याचं. पेस्ट करताना ते तुम्हाला काही विचारत नाही. डिझाइन सेंटरमधून, म्हणजे दुसऱ्या फाइलींतले ब्लॉक दाखवणाऱ्या यादीतून, ओढून आणला तर खाली कमांड लाइनवर एक ओळ येते, की याच नावाची व्याख्या (ब्लॉकचं मूळ चित्र) आहे म्हणून दुसरी सोडून दिली. ती ओळ कोण वाचतो?

बारा-तेरा वर्षं झाली असतील. एका कार्यालयाच्या सहा अंगणवाड्यांची ड्रॉइंग माझ्याकडे होती. आधीच्या नमुन्यात खिडकी ०.९ बाय १.२ मीटरची, नंतर सुधारित नमुना आला त्यात १.२ बाय १.२. मी नवी खिडकी वेगळ्या फाइलीत काढली, नाव तेच ठेवलं 'डब्ल्यू१', आणि सहाही ड्रॉइंगमध्ये पेस्ट करत गेलो. खिडक्यांचा तक्ता हातानं टाइप केलेला, त्यात १.२ लिहिलं. प्लॅनमध्ये मात्र ०.९ चीच खिडकी बसली. मिस्त्रीनं प्लॅनवरून गाळा सोडला, ग्रिल तक्त्यावरून बनून आल्या. ग्रिल गाड्यातून उतरवल्या तेव्हा माझा फोन वाजला. तीन ठिकाणी तयार भिंत फोडावी लागली. ठेकेदार मला काय काय बोलला ते इथे लिहीत नाही, पण त्याचं चुकलं नव्हतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि बाकी सगळी पद्धत त्याच्याभोवती उभी आहे. माप बदललं तर नाव बदलतं. नुसतं चित्र सुधारलं तर नाव तेच राहतं. म्हणजे १२०० ची खिडकी आणि ९०० ची खिडकी हे दोन वेगळे ब्लॉक, नावातच माप: 'विंडो-१२००-१२००', 'विंडो-९००-१२००'. 'डब्ल्यू', 'डब्ल्यू१' ही नावं ब्लॉकला द्यायची नाहीत. ती त्या-त्या इमारतीतली ओळख आहे, ती ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे ब्लॉकला जोडलेल्या माहितीच्या रकान्यात, लिहायची. एका शाळेत 'डब्ल्यू१' म्हणजे १२०० आणि शेजारच्या गावच्या शाळेत ९००, असं होणारच. ब्लॉकच्या नावात ते आलं की आज ना उद्या टक्कर.

आता चित्र सुधारायचं असेल, उदाहरणार्थ खिडकीला दोनऐवजी तीन पल्ले दाखवायचे, तर मूळ फाइल सुधारा आणि जुन्या ड्रॉइंगमध्ये इन्सर्ट कमांड आडवी रेघ आधी लावून द्या, म्हणजे डायलॉग बॉक्स उघडत नाही, सगळं कमांड लाइनवर विचारतं. नाव विचारलं की ब्लॉकचं नाव, बरोबरची खूण, आणि पुढे मूळ फाइलीचा पूर्ण पत्ता. आधीची व्याख्या बदलायची का विचारेल, हो म्हणा. मग ब्लॉक कुठे ठेवायचा विचारेल तिथे एस्केप. नवा ब्लॉक पडत नाही, पण आधीच्या सगळ्या खिडक्या जागच्या जागी नव्या होतात. हे जमावं म्हणून मी प्रत्येक ब्लॉकची वेगळी फाइल ठेवतो, डब्ल्यूब्लॉक करून (निवडलेलं वेगळ्या फाइलीत काढून देणारी कमांड). पुष्कळ जण एकाच मोठ्या ड्रॉइंगमध्ये शंभर ब्लॉक मांडून ठेवतात आणि डिझाइन सेंटरमधून ओढतात. बघायला ते सोयीचं आहे, मीही झाडं, गाड्या, फर्निचर तसंच ठेवतो. पण ज्याचं माप अंदाजपत्रकात जातं त्याची फाइल वेगळीच बरी. २०२० पासून पुढच्या ऑटोकॅडमध्ये ब्लॉक्स पॅलेट आहे, त्याला तुमचा फोल्डर दाखवून ठेवला की चित्रं बघून निवडता येतात.

यात एक खड्डा आहे, बेस पॉइंटचा, म्हणजे ब्लॉक ज्या बिंदूला धरून ड्रॉइंगमध्ये बसतो त्याचा. जुन्या ब्लॉकचा बेस पॉइंट भिंतीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर होता आणि नव्याचा मधोमध असेल, तर व्याख्या बदलताक्षणी सगळ्या खिडक्या अर्ध्या मापानं सरकतात. वीस खोल्यांच्या आश्रमशाळेत हे झालं तर दिवस गेला समजा. म्हणून बेस पॉइंट एकदा ठरवा आणि मरेपर्यंत बदलू नका. माझं ठरलेलं असं: दरवाजाचा बिजागरीकडच्या चौकटीच्या कोपऱ्यावर, भिंतीच्या ज्या बाजूला दार उघडतं त्या बाजूला. खिडकीचा गाळ्याच्या मध्यावर, बाहेरच्या पृष्ठाला. लेव्हलच्या त्रिकोणाचा खालच्या टोकाला. ब्लॉक एडिटरमध्ये बेस पॉइंट म्हणजे शून्य-शून्य. तिथे कोणी 'जरा नीट मांडतो' म्हणून चित्र हलवलं की तेवढंच अंतर सगळ्या ड्रॉइंगभर सरकतं. लायब्ररीच्या सुट्या फाइलीलाही हेच लागू.

डोंगराएवढ्या ब्लॉकचं बघू. आपल्याकडे ही अडचण येणारच, कारण आपण एकाच टेबलावर दोन भाषा बोलतो. सरकारी काम मीटर-मिलिमीटरमध्ये, आणि घरमालक आला की "साहेब, तीस बाय चाळीसचा प्लॉट आहे, पोर्च दहा फुटाचा पाहिजे." दरवाजा मिलिमीटरमध्ये काढलेला, ९०० एककं. तो इंचाच्या ड्रॉइंगमध्ये आला आणि कोणी एककं लिहूनच ठेवली नसतील तर ९०० इंचाचा होतो, म्हणजे पंचवीस पॉइंट चार पट. मीटरच्या ड्रॉइंगमध्ये आला तर ९०० मीटरचा. एवढ्या दारातून अख्खा गाव एका रांगेत बाहेर पडेल.

उपाय इन्सयुनिट्स या व्हेरिएबलमध्ये आहे. १ म्हणजे इंच, ४ मिलिमीटर, ६ मीटर, आणि ० म्हणजे काहीच सांगितलेलं नाही. लायब्ररीच्या फाइलीत आणि चालू ड्रॉइंगमध्ये दोन्हीकडे खरा आकडा असेल तर इन्सर्ट करताना ते स्वतःच लहान-मोठं करतं. खरा हा शब्द महत्त्वाचा. काढलेलं असतं मीटरमध्ये आणि टेम्प्लेटमधून आकडा आलेला असतो ४, असं मी शंभरदा पाहिलंय. त्यामुळे जुनी फाइल उघडली की आधी एका दरवाजाची रुंदी मोजा. ०.९ आली तर मीटर, ९०० आली तर मिलिमीटर, ३५-३६ आली तर इंच, ३ आली तर फूट. मग आकडा बघा आणि जुळत नसेल तर दुरुस्त करा. आकडा बदलल्यानं आधी काढलेलं काही हलत नाही, फक्त पुढे येणाऱ्या ब्लॉकला हिशेब कळतो.

ब्लॉक ओढून बारीक करायची एक सवय आहे, ती मात्र सोडा. १२०० ची खिडकी आडव्या दिशेनं ०.७५ स्केल करून ९०० च्या गाळ्यात बसवतात. कागदावर छान दिसते. पण नाव १२०० चंच राहतं आणि मोजणीत १२०० धरली जाते. ब्लॉक बनवताना सारख्याच प्रमाणात स्केल होऊ द्यायची खूण असते, ती लावून टाका म्हणजे हा मोहच होणार नाही.

लेअरचं, म्हणजे ड्रॉइंगच्या एकावर एक पारदर्शक थरांचं, थोडक्यात. ब्लॉकच्या आतलं सगळं लेअर शून्यवर काढा, रंग आणि रेघेचा प्रकार बायलेअर, म्हणजे लेअरचा असेल तोच. असा ब्लॉक ज्या लेअरवर टाकाल त्याचा रंग घेतो. आतली एखादी रेघ 'दार-पल्ला' अशा वेगळ्या लेअरवर असेल तर ती त्याच लेअरची राहते आणि तो लेअर तुमच्या ड्रॉइंगमध्ये घुसवते. जुन्या फाइलींत लेअरची यादी शे-दीडशेवर जाते ती अशीच. आणखी एक गंमत: ज्या लेअरवर ब्लॉक टाकलाय तो लेअर ऑफ केला तर आतल्या वेगळ्या लेअरवरच्या रेघा दिसतच राहतात, फ्रीझ केला तर अख्खा ब्लॉक जातो. "लेअर बंद केला तरी दार दिसतंय" असा फोन आला की मी आधी हेच विचारतो.

ॲट्रिब्यूटवर मात्र वेळ घालवा, कारण पोट त्यावर आहे. दरवाजा-खिडकीच्या ब्लॉकमध्ये मी चार गोष्टी ठेवतो: इमारतीतली ओळख, रुंदी, उंची, आणि सिलची (खिडकीच्या खालच्या कडेची) पातळी. रुंदी-उंची झाकलेली, प्लॅनवर फक्त ओळख दिसते. ड्रॉइंग पूर्ण झालं की डेटा एक्सट्रॅक्शन चालवायचं, ते सगळ्या ब्लॉकचा तक्ता एक्सेलमध्ये काढून देतं. समजा एका शाळाखोलीत १.२ बाय १.२ च्या चार खिडक्या आणि ०.९ बाय २.१ चा एक दरवाजा आहे, भिंत नऊ इंची, म्हणजे ०.२३. एका खिडकीची विटकामातून वजावट ०.३३१ घनमीटर, चार मिळून १.३२५. दरवाजाची ०.४३५. एकूण १.७६. हा आकडा हातानं काढताना एखादी खिडकी सुटते आणि शाखा अभियंता नेमकं तिथेच बोट ठेवतात. एक्सेलला ब्लॉकमधून आकडे दिले की ग्रिल, काच, रंग, चौकटी यांच्या ओळीही त्याच तक्त्यातून निघतात. आणि प्लॅन व तक्ता वेगवेगळं बोलत नाहीत. माझ्या अंगणवाड्यांचा घोळ मुळात तोच होता, तक्ता हातचा आणि चित्र ब्लॉकचं. नुसती संख्या हवी असेल तर २०२२ पासून काउंट कमांड आहे, तेवढ्यानंही भागतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ब्लॉकच्या व्याख्येत नवं ॲट्रिब्यूट घातलं तर आधी टाकलेल्या ब्लॉकमध्ये ते आपोआप येत नाही, ॲटसिंक चालवावं लागतं. आणि ते चालवलं की कोणी हातानं सरकवलेली अक्षरं परत मूळ जागी जातात, तेव्हा आधी प्रत ठेवा. दुसरं, ब्लॉक एक्सप्लोड केला की भरलेली माहिती जाते आणि तिच्या जागी ॲट्रिब्यूटच्या टॅगचं नाव उरतं. फोडायचाच असेल तर एक्सप्रेस टूल्समधलं बर्स्ट वापरा, त्यात लिहिलेलं मजकूर म्हणून टिकतं. ऑटोकॅड एलटीवर असाल तर एक्सप्रेस टूल्स नसतात, त्यामुळे फोडूच नका.

डायनॅमिक ब्लॉक २००६ पासून आहेत आणि एकाच दारात सगळी मापं, डावं-उजवं उघडणं सगळं बसवता येतं. मी दारांपुरते वापरतो. सगळ्यालाच डायनॅमिक करायच्या नादात एका मुलानं महिना घालवला होता आमच्याकडे. शिवाय तालुक्याच्या ठिकाणी अर्धे लोक दुसरंच स्वस्तातलं कॅड वापरतात, तिथे त्या हालचाली जशाच्या तशा चालतीलच असं नाही. तुमची फाइल जिथे जाणार आहे तिथे एकदा उघडून बघा, मग ठरवा.

चाळीस एमबीचं आता. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून पेस्ट केलं की ऑटोकॅड स्वतःच ब्लॉक बनवतं आणि त्याला 'ए-डॉलर-सी' नं सुरू होणारं अगम्य नाव देतं. ब्लॉकच्या यादीत तसली नावं दिसली की समजा कोणी तरी अख्खं ड्रॉइंग उचलून चिकटवलंय, मग त्याच्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात तिसरं. पर्ज ही वापरात नसलेलं काढून टाकायची कमांड, ती चालवताना आतल्या आतल्या वस्तूही काढायची खूण लावा. तरीही काही जात नसेल तर ते कुठे तरी वापरात आहे, बहुतेक फ्रीझ केलेल्या लेअरवर, दुसऱ्या लेआउटमध्ये, किंवा एखाद्या ब्लॉकच्या पोटात. पर्जला आडवी रेघ लावून चालवलं तर रेगॲप नावाचा कचराही काढता येतो, जुन्या फाइलीत तो हजारोंनी साठलेला असतो. आणि एवढं करूनही फाइल हलकी होत नसेल तर सगळं खटाटोप सोडा. पाहिजे तेवढंच निवडून डब्ल्यूब्लॉकनं नवी फाइल करा. निवडलेलं आणि त्याला लागणारंच नव्या फाइलीत जातं, कचरा मागे राहतो. माझ्या हातात जुनी फाइल आली की मी साफ करत बसत नाही, हेच करतो.

आता काय ब्लॉक करावं आणि काय करूच नये त्याबद्दल. उत्तरेचा बाण, बोअरवेल, विजेचा खांब, टीबीएम (पातळी मोजायची तात्पुरती खूण), पाण्याच्या प्रवाहाचा बाण, रिलेटिव्ह लेव्हलचा त्रिकोण, हे बेधडक करा. लेव्हलचा आकडा ॲट्रिब्यूटमध्ये, ब्लॉक ॲनोटेटिव्ह, म्हणजे १:१०० ला आणि १:५० ला कागदावर तेवढाच दिसतो. पण सिमेंट नाला बांधाचा छेद ब्लॉक करून ठेवू नका. नाल्याची रुंदी, तळ, महत्तम पूरपातळी प्रत्येक ठिकाणी वेगळी. ब्लॉकमधून उचललेला छेद फोडून दुरुस्त करता करता एखादं जुनं माप आत राहून जातं आणि तांत्रिक मान्यतेला गेल्यावर सापडतं, किंवा सापडतच नाही.

पायाच्या तपशिलाबाबत तर मी हट्टी आहे. मुरमाड जमिनीतला दीड मीटरचा पाया ब्लॉक म्हणून ठेवला आणि तोच आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीत उचलून टाकला, तर पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि भिंती बोलायला लागतात. तिथे अंडररीम पाइल लागतील की जाड मुरमाचा भराव, हे त्या जागेचा खड्डा बघून इंजिनिअर ठरवेल. ड्राफ्ट्समननं ते लायब्ररीतून ठरवायचं नाही. घरकुलाच्या किमान २५ चौरस मीटरच्या नमुन्यातही, वरचा प्लॅन सगळीकडे सारखा ठेवला तरी पाया मी दरवेळी सरांना विचारूनच काढतो.

टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या नावाच्या चौकटीत, आपल्याला एक खास डोकेदुखी आहे, मराठीची. गावाचं नाव, ग्रामपंचायत, कामाचं नाव मराठीत पाहिजे. जुन्या टायटल ब्लॉकमध्ये श्रीलिपी नाही तर कृती देव असतो. आपल्या मशीनवर 'ग्रामपंचायत कार्यालय' वाचता येतं आणि झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर प्लॉटला दिलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी येते, कारण त्या मशीनवर तो फॉन्ट नाही. ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये युनिकोड मराठी टाकली तर नुसती प्रश्नचिन्हं. टायटल ब्लॉकची टेक्स्ट स्टाइल युनिकोडच्या ट्रूटाइप फॉन्टची ठेवा, मंगल किंवा निर्मला, आणि त्या स्टाइलला स्वतःचं नाव द्या. 'स्टँडर्ड' ठेवू नका. स्टाइललाही ब्लॉकचाच कायदा लागू: त्या नावाची स्टाइल ड्रॉइंगमध्ये आधी असेल तर तिथलीच चालते आणि तुमची मराठी परत गायब. प्लॉटला देताना पीडीएफ द्या, आणि देण्याआधी त्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं एकदा वाचून बघा.

एक्सरेफ, म्हणजे दुसरी फाइल आत न घेता नुसती जोडून दाखवणं, ही चांगली सोय आहे, पण आपल्याकडे ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर एकटं जातं आणि समोरच्याला फक्त पत्त्याची ओळ दिसते. बाहेर पाठवायचं तर ईट्रान्समिट करून सगळ्या फाइली एकत्र पाठवा, नाही तर बाइंड करा, म्हणजे जोडलेली फाइल कायमची आत घ्या. बाइंड करताना इन्सर्ट हा पर्याय निवडा. नुसतं बाइंड केलं की प्रत्येक लेअर आणि ब्लॉकच्या नावात डॉलर-शून्य-डॉलर घुसतं आणि तुमची नावांची सगळी शिस्त पाण्यात.

पेनड्राइव्हचं एक सांगून टाकतो. बाहेरून आलेल्या फोल्डरमध्ये ड्रॉइंगच्या शेजारी 'एकॅडडॉक डॉट एलएसपी' नावाची फाइल दिसली आणि ती तुम्ही ठेवलेली नसेल, तर ड्रॉइंग उघडण्याआधी ती काढा. ऑटोकॅड ती आपोआप चालवू शकतं आणि तसले व्हायरस अजून फिरतात. लायब्ररीचा फोल्डर फक्त वाचण्यापुरता ठेवा, म्हणजे घाईत कोणी मूळ ब्लॉकवर सेव्ह करणार नाही.

सगळी दहा-बारा वर्षांची ड्रॉइंग साफ करायला बसू नका बाप्पा, दिवाळी येईल. पुढचं जे काम हाती येईल, त्यात लागणाऱ्या दारं-खिडक्या-व्हेंटिलेटरच्या दहा-बारा फाइली नीट करा. नाव, बेस पॉइंट, एकक, लेअर शून्य, ॲट्रिब्यूट. सेव्ह करताना २०१३ चा फॉरमॅट निवडा, २०१३ ते २०१७ ची ऑटोकॅड तोच वापरतात आणि तुमच्या सरांच्या ओळखीत त्यातली कुणाकडे तरी असेलच. जुन्या ड्रॉइंगवर काम आलं तर त्यातल्या 'डब्ल्यू१' ला आधी रिनेम करून 'जुनी-डब्ल्यू१' करा आणि मगच तुमचा नवा ब्लॉक आत आणा. जुन्या जागी नवा बसवायला एक्सप्रेस टूल्समध्ये ब्लॉक रिप्लेस आहे. ते झालं की एका खिडकीची रुंदी डीआय कमांडनं मोजून घ्या आणि तो आकडा तक्त्याशी ताडून बघा. मी अजूनही बघतो.